रिपोर्टच्या तळाशी सही करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

आपली भेट कधी झाली नाही. मी तुम्हाला ओळखते ते फक्त लॅबच्या रिपोर्टवरच्या सहीवरून.

मे २०२१. अण्णा कोविडमधून सुटून घरी आले आणि आठवडाभरात त्यांचा डावा गाल बधिर झाला, वरचे दात हलायला लागले. शुगर आधीपासूनची, त्यात स्टेरॉइडनं चारशेच्या वर गेलेली. काळ्या बुरशीची तेव्हा नुसती दहशत होती. कांद्यावरची काळी पूड म्हणजे तीच बुरशी, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि आईनं अख्खी टोपली फेकून दिली. (ती बुरशी निराळी, हे नंतर कळलं. कांदे गेले ते गेलेच.)

नाकातून काढलेला तुकडा तुमच्याकडे आला आणि त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना फोन केलात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पेशी विरघळतात, बुरशी तेवढी उरते, हे त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. रुंद, रिबिनीसारखे धागे, आत पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या साधारण काटकोनात, तर म्युकर, म्हणजे काळी बुरशी. बारीक धागे, मधे पडदे, फांद्या तिरक्या, तर दुसरी बुरशी, अ‍ॅस्परजिलस. माझ्यासारखीला दोन्ही चित्रं सारखीच वाटली. पण अ‍ॅस्परजिलसला चालणारं व्होरिकोनाझोल हे औषध म्युकरवर चालत नाही. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन हेच पहिलं औषध. त्याचा तेव्हा तुटवडा होता. भाऊ तीन जिल्हे फिरला, पण कशासाठी फिरायचं हे तरी त्याला पक्कं ठाऊक होतं.

ऑपरेशननंतर जबड्याचे तुकडे पुन्हा तुमच्याकडे. त्या रिपोर्टात रक्तवाहिन्यांत शिरलेल्या बुरशीचा उल्लेख होता. बुरशी मुळात काळी नसते, ती रक्तपुरवठा तोडते म्हणून मेलेला भाग काळा पडतो, हे मला तेव्हा समजलं. डोळ्याच्या खोबणीकडच्या कडेला बुरशी नाही, असंही तुम्ही लिहिलं होतं. त्या एका ओळीवर अण्णांचा डोळा वाचला.

त्याच महिन्यात हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायचा ठरला. यादीतला संशयित कोण आणि पक्का कोण, हे तुमच्या टेबलावर ठरत होतं. मायक्रोस्कोपखाली रोज किती काचा बघत होतात, कोण जाणे.

आणि मी? पेढे वॉर्डात वाटले, ओपीडीत वाटले. तळमजल्यावरच्या लॅबच्या खिडकीशी मात्र 'रिपोर्टला एवढा वेळ का' म्हणून भांडून आले होते. तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरतो, मेणात बसतो, मग त्याचे काप निघतात, हे कुठे माहीत होतं? माफ करा.

अण्णांना आता टाळूची कवळी बसवली आहे. दुधात कुस्करलेली भाकरी खातात आणि मीठ कमी म्हणून आईवर चिडतात.

काचा बरीच वर्षं जपून ठेवतात म्हणे. आमची असेल, तर एकदा मायक्रोस्कोपमधून दाखवाल? या वेळी पेढे घेऊन येते.

आपली,
एका पेशंटची मुलगी