बर्फात मुक्कामाला जाण्यापूर्वी वाचायची पुस्तके ठाण्यात मिळावीत

महोदय,

दिवाळी सरली की ठाणे आणि नवी मुंबईतून हिमालयातल्या हिवाळी ट्रेकची नोंदणी सुरू होते. केदारकंठा, ब्रह्मताल, गोठलेल्या झंस्कर नदीवरची चादर ही नावे आता सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतही फिरतात. पैसे भरले की सामानाची यादी येते. यादी बहुधा बरोबर असते. पण अंगातला कोणता थर कधी उतरवायचा, स्लीपिंग बॅग सकाळी उलटी का करायची, बर्फ वितळवताना भांडे का करपते, हे यादीत नसते. पारा १५ अंशांवर आला की कानटोप्या निघतात अशा शहरातल्या माणसाला हे घरात बघून कळणार नाही. ते शिकवणारी चांगली पुस्तके आहेत, बहुतेक इंग्रजीत. ती आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी घ्यावीत आणि जाणाऱ्यांनी आधी वाचावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

एकच पुस्तक घेता येणार असेल तर ‘द स्नो वॉकर्स कम्पॅनियन’ घ्यावे. अमेरिकेच्या मेन राज्यातले गॅरेट आणि अलेक्झांड्रा कनोव्हर यांचे हे पुस्तक १९९५ साली आले. क्री आणि इनू या उत्तरेकडच्या आदिवासी समाजांची हिवाळी प्रवासाची पद्धत त्यात सांगितली आहे: पाठीवरच्या सॅकऐवजी मागे ओढायची लांब, अरुंद टोबोगन म्हणजे बर्फावरची घसरगाडी, पायांत जाळीच्या स्नोशू, कॅनव्हासचा तंबू आणि तंबूत धुराडे असलेली पत्र्याची चूल. यातले बहुतेक सामान आपल्या उपयोगाचे नाही. उपयोगाचा आहे तो त्यामागचा विचार. हिवाळ्यात माणसाला हरवते ती ओल, आणि ही ओल बहुतेक वेळा आकाशातून पडत नाही, ती स्वतःच्या अंगातून येते.

घाम आणि श्वास यांची वाफ कपड्यांच्या थरांतून बाहेर जाऊ पाहते. वाटेत जिथे तापमान शून्याखाली जाते तिथे ती गोठते आणि तिथेच बसते. दिवसा चढणीवर जाड जॅकेट घालून चालणारा माणूस संध्याकाळच्या गारठ्याची तयारी दुपारीच करत असतो. म्हणून निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे ठेवावेत, दहा मिनिटांनी थांबून एक थर उतरवावा, विश्रांतीला थांबताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न पाहता, जाड थर चढवावा आणि चालण्याचा वेग घाम फुटणार नाही असा ठेवावा. गटातला सर्वांत वेगवान माणूस पुढे असला की मागचे सगळे घामाघूम होतात, म्हणून नेतृत्व करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

हे किती गंभीर आहे याचा पुरावा दुसऱ्या एका पुस्तकात आहे. अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड यांचे ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ १९२२ साली प्रसिद्ध झाले. ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेतले चेरी-गॅरार्डसह तिघे १९११ च्या ऐन ध्रुवीय हिवाळ्यात पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले आणि पाच आठवड्यांनी परतले. निघताना चेरी-गॅरार्डची झोपण्याची बॅग १८ पौंडांची होती, परतताना ४५ पौंडांची. वाढलेले वजन बर्फाचे होते, आणि तो बर्फ त्यांच्याच घामाचा आणि श्वासाचा होता. पुस्तक मोठे आहे. वेळ नसेल त्यांनी निदान या हिवाळी प्रवासाचे प्रकरण वाचावे. आपल्या चार-सहा रात्रींच्या ट्रेकमध्ये हेच लहान प्रमाणात घडते: तिसऱ्या रात्री बॅग पहिल्या रात्रीइतकी ऊब देत नाही आणि लोक बॅगेच्या दर्जाला दोष देतात.

उपाय साधे आहेत. बॅगेत तोंड घालून श्वास सोडू नये. नाका-तोंडापुरती फट ठेवून टोपी आणि मफलर वापरावा. सकाळी उठल्याबरोबर, बॅग अजून अंगाच्या उबेने गरम असतानाच, ती दाबून आतली दमट हवा बाहेर काढावी. मग उलटी करून वाऱ्यावर किंवा उन्हात पसरावी. तासभर थंड होऊ दिली तर ओल आतच गोठते. ओले मोजे बॅगेत पायाशी ठेवून वाळवण्याची सवय सर्रास दिसते. पण त्यांतले पाणी बॅगेच्या पिसांतच जाते. मोजे दिवसभर शर्टाच्या आत, पोटाशी ठेवून वाळवावेत आणि झोपायचा कोरडा जोड वेगळा ठेवून तो चालायला कधीही वापरू नये.

आता एक सावधगिरी. कनोव्हर दांपत्य वरच्या थरासाठी घट्ट विणीच्या सुती कापडाचा अंगरखा सुचवते. उणे १०-१५ अंशांच्या खाली बर्फ कोरडा असतो, झटकला की पडतो, आणि सुती कापड आतली वाफ बाहेर सोडते. तिथे तो सल्ला अचूक आहे. केदारकंठ्याच्या वाटेवर दुपारी तापमान शून्याच्या आसपास असते, बर्फ अंगावर वितळतो आणि तेच सुती कापड चिंब होऊन गोठते. तिथे आत लोकर आणि वर पाणी अडवणारे जॅकेट हवे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल शोषूनही अंगाला फारशी ओली लागत नाही. सह्याद्रीत सुती टी-शर्टची गोष्ट आणखी वेगळी. कळसूबाईची चढण घामाने भिजवते आणि १,६४६ मीटरवर पहाटेचा वारा त्या भिजल्या कापडातून हाडांपर्यंत जातो. पुस्तकातला प्रत्येक सल्ला कोणत्या तापमानासाठी लिहिला आहे, ते आधी पाहावे.

कॅल्विन रटस्ट्रम यांचे ‘पॅराडाइज बिलो झीरो’ (१९६८) याच परंपरेतले, आकाराने छोटे आणि हिवाळ्याची भीती घालवणारे आहे. नवख्याने कनोव्हरच्या आधी ते वाचले तरी चालेल. मॉर्स कोचान्स्की यांचे ‘बुशक्राफ्ट’, जे १९८७ मध्ये ‘नॉर्दर्न बुशक्राफ्ट’ म्हणून आले, कुऱ्हाड, चाकू आणि आग यांवरचे फार नेमके पुस्तक आहे. आपल्याला कुऱ्हाड चालवायची नसली तरी ओल्या जंगलात आग का पेटत नाही आणि पेटवायची कशी, हे त्यातून नीट समजते.

चुलीचा विषय निघाला की नॉर्वेचा ध्रुवीय प्रवासी फ्रिट्यॉफ नॅन्सेनकडे जावे लागते. १८८८ मध्ये त्याने पाच सोबत्यांसह स्कीवर ग्रीनलंड ओलांडले, त्याचा वृत्तांत १८९० च्या ‘द फर्स्ट क्रॉसिंग ऑफ ग्रीनलंड’मध्ये आहे. सामानाची निवड, वजन आणि कारणे सांगणारे त्यातले प्रकरण आजही वाचण्यासारखे आहे. नॅन्सेनच्या कुकरमध्ये शिजवायच्या भांड्याभोवती दुसरे कड्यासारखे भांडे असे. वाया जाणाऱ्या उष्णतेवर त्यात बर्फ वितळे. पुढे ‘फ्राम’ जहाजाच्या मोहिमेत त्याने १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस नेला, म्हणजे आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातला पंपाचा स्टो. ‘फ्राम’ निघाले १८९३ च्या जूनमध्ये, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले तेही १८९३ मध्येच.

या भांड्याला एवढे महत्त्व का, ते समजून घ्यायला हवे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणजे बर्फापासून चहा करायला पाण्यापासून करण्याच्या जवळपास दुप्पट इंधन लागते, आणि इंधनाचा हिशेब तसाच करावा. भुसभुशीत बर्फ कोरड्या भांड्यात कोंबू नये. तळाशी वितळलेले पाणी वरचा बर्फ शोषून घेतो, तळ कोरडा राहतो, भांडे करपते आणि पाण्याला जळका वास येतो. आधी तळाशी कपभर पाणी ओतावे, मग मूठमूठ बर्फ टाकत ढवळत राहावे. त्यासाठी रात्रीच थोडे पाणी राखून बाटली उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठत येते आणि उलट्या बाटलीचे तोंड मोकळे राहते.

गॅसच्या छोट्या डब्यांबद्दल जुन्या पुस्तकांत काही नाही, म्हणून इथे सांगणे गरजेचे आहे. समुद्रसपाटीला ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ ला, प्रोपेन उणे ४२ ला. हरिश्चंद्रगडावर उत्तम चालणारा निव्वळ ब्युटेनचा डबा बर्फात फुसका होतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने थोडी सवलत मिळते. पण जळताना डबा स्वतःच थंड होत जातो, त्यामुळे ती पुरत नाही. मिश्रण पाहून घ्यावे आणि डबा रात्री बॅगेत ठेवावा. रॉकेलचा स्टो अशा थंडीत भरवशाचा, पण बर्नर स्पिरिटने नीट तापवण्याआधी पंप मारला तर कच्चे रॉकेल वर येऊन भडका उडतो. त्यामुळे तो तंबूच्या बाहेरच पेटवावा. रॉकेल किंवा गॅसचा डबा रेल्वेत वा विमानात नेता येत नाही. इंधन तिकडेच घ्यावे लागते.

कॅनव्हासच्या तंबूतल्या चुलीची वर्णने वाचून कोणी नायलॉनच्या तंबूत शेगडी नेऊ नये. त्या चुलीला बाहेर जाणारे धुराडे असते, हवेचा झरोका असतो आणि कापडाला झळ लागू नये म्हणून पत्र्याची चौकट असते. बंद तंबूतल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

होरेस केफार्ट यांचे ‘कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट’ हा या विषयाचा जुना कोश म्हणता येईल. पहिली आवृत्ती १९०६ ची, दोन खंडांतली १९१६-१७ ची. केफार्ट मूळचे ग्रंथपाल, आणि पुस्तकाची शिस्तशीर मांडणी पाहिली की ते जाणवते. त्याआधीचे, १८८४ चे ‘वुडक्राफ्ट’ हे ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यांचे. ओझे कमी कसे करावे यासाठी ते वाचावे.

या शंभरेक वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतल्या दोन गोष्टी मात्र सोडून द्याव्यात. पहिली, हिमदंशावर बर्फ चोळणे. नेपोलियनच्या सैन्याचे शल्यचिकित्सक लारे यांच्या १८१२ च्या रशिया मोहिमेतल्या अनुभवातून हा सल्ला आला आणि शतकाहून अधिक काळ टिकला. चोळल्याने गोठलेल्या पेशी आणखी फाटतात. बोटे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून तापवावीत, आणि तीही पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच. दुसरी, अंथरुणासाठी सूचिपर्णी झाडांच्या फांद्या तोडणे. केदारकंठा गोविंद पशुविहारात येतो, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात. बुग्याळांवर, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करण्यावर उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी घातली, कारण तिथल्या गवताळ जमिनीला तंबू आणि पायांची तुडवण सोसत नाही. फांद्यांचे काम दोन मॅट एकावर एक टाकून होते. खाली फोमची, वर हवेची. मॅटवर छापलेले आर-मूल्य, म्हणजे थंडी अडवण्याची क्षमता, बेरजेने वाढते, आणि बर्फावर ते ५ च्या आसपास असावे.

शिवाय ही पुस्तके सरोवरे आणि नद्यांच्या कमी उंचीच्या मुलखात लिहिलेली आहेत. विरळ हवा आणि हिमप्रपात यांबद्दल ती जवळजवळ गप्प आहेत. त्यासाठी सिएटलच्या ‘द माउंटेनिअर्स’ या संस्थेचे, १९६० पासून नव्या आवृत्त्या निघत असलेले ‘माउंटेनिअरिंग: द फ्रीडम ऑफ द हिल्स’ आणि ब्रूस ट्रेम्पर यांचे ‘स्टेइंग अलाइव्ह इन अ‍ॅव्हलांच टेरेन’ जोडीला हवे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त उंच नेऊ नये, दर तीन-चार दिवसांनी त्याच जागी एक मुक्काम वाढवावा. बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. चादरीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक: दहा सेंटिमीटर स्वच्छ बर्फ माणसाला पेलतो हा नियम साचलेल्या पाण्याचा आहे. वाहत्या नदीवर बर्फाची जाडी दोन पावलांत बदलते, तिथे स्थानिक वाटाड्याच्या काठीचा ठोका प्रमाण मानावा.

किल्ल्यांवर मराठीत उदंड लिहिले गेले आहे. बर्फातल्या मुक्कामाचे तंत्र सांगणारे पुस्तक मात्र आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात सहज हाती लागत नाही. ग्रंथालयांना दोन विनंत्या आहेत. कनोव्हर, रटस्ट्रम, ट्रेम्पर आणि ‘फ्रीडम ऑफ द हिल्स’ विकत घ्यावीत आणि ऑक्टोबरपासून ती एकत्र, दर्शनी ठेवावीत. दुसरी विनंती भाषांतराची. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. सीअर्स १८९० मध्ये वारले, नॅन्सेन १९३० मध्ये, केफार्ट १९३१ मध्ये, चेरी-गॅरार्ड १९५९ मध्ये. या चौघांच्या मूळ ग्रंथांतली निवडक प्रकरणे मराठीत आणायला आता कुणाच्या परवानगीची गरज नाही. नॅन्सेनचे सामानाचे प्रकरण, केफार्टची कपडे आणि अंथरुणाची प्रकरणे आणि चेरी-गॅरार्डचा हिवाळी प्रवास, एवढ्याचे एक पुस्तक होईल. जुना सल्ला आज जिथे चुकीचा ठरला आहे तिथे त्याच पानावर तळटीप द्यावी, शेवटी परिशिष्टात नव्हे.

– हिवाळी भटकंतीचा एक अभ्यासक, नौपाडा, ठाणे