सीमेवर भेटलेल्या अनोळखी माणसांचे आभार

जानेवारीच्या रणरणत्या उन्हात, पाठीवर जड सॅक घेऊन, पॅराग्वेतील सिउदाद देल एस्ते येथून पाराना नदीवरच्या, ब्राझीलला जोडणाऱ्या मैत्री पुलाकडे पायी निघालेल्या मला भोवळ आली, तेव्हा ज्या आजींनी मला सावलीत बसवून बर्फाच्या पाण्यातले तेरेरे, म्हणजे येर्बा माते या वनस्पतीच्या पानांचे थंड पेय, धातूच्या नळीने घोट घोट पाजले, त्यांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानते. त्यांनी माझ्या कपाळावर ठेवलेल्या ओल्या रुमालाचा गारवा मी विसरणार नाही. पुढे अर्जेंटिनाला जाताना पासपोर्टवर ब्राझीलमधून बाहेर पडल्याचा शिक्का राहून जाऊ नये, म्हणून माझ्यासोबत बसमधून उतरून पुढची बस येईपर्यंत थांबलेल्या तरुणाचीही मी ऋणी आहे. अर्जेंटिनाच्या बाजूने इग्वासू धबधब्याच्या सुमारे ८० मीटर उंचीच्या ‘सैतानाच्या घशा’समोर तुषारांत चिंब भिजताना मला हीच दोघे आठवत होती.