रविवारचं पत्र

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

'अण्णांच्या पत्रात सगळं गाव असतं, फक्त अण्णा नसतात,' असं तू फोनवर म्हणालीस. आईनं ते मला चहाबरोबरच दिलं. रुसलो नाही. त्याचंच उत्तर लिहायला बसलोय. पण आधी गावाचं उरकतो, नाहीतर ते मध्ये मध्ये लुडबुडत राहील.

नोव्हेंबर लागला म्हणजे पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. सकाळी नऊपासून मारुतीच्या ओट्यावर मी, माझा चष्मा आणि मोबाइल. २०१४ साली हे ऑनलाइन दाखल्याचं निघालं तेव्हा अंगठ्याचं यंत्र होतं. जन्मभर खुरपं धरून ज्यांच्या रेषाच झिजल्यात त्या बायकांना ते ओळखायचं नाही. बाई समोर जिवंत बसलेली आणि यंत्र म्हणतंय, जुळत नाही. २०२१ पासून चेहऱ्यावर काम होतं, ते बरं. फक्त त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते. खालच्या आळीच्या काकूंची पाळी आली. मी म्हटलं, 'काकू, मोबाइलकडं बघून डोळे मिचकवा.' त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग ओट्यावरच्या सात-आठ म्हाताऱ्यांकडं, आणि पदर पुढं ओढून म्हणाल्या, 'आमच्या सुभेदारांम्होरं कधी मिचकावलं न्हाई, आन् ह्या डबड्याला मिचकवू व्हय?' सगळा ओटा हसला. शेवटी बायकांनी आडोसा धरला आणि काकू एकदाच्या हयात ठरल्या.

बाकी गावात विशेष नाही. ऊसतोडीची टोळी आली आहे, पाण्याची पाळी रात्रीची आहे.

आता तुझं. मी पत्रं लिहायला शिकलो तीच मुळी दुसऱ्यांची. १९७९ ला बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला भरती झालो, तेव्हा कुणीतरी माझं अक्षर बघितलं आणि पुढची अठ्ठावीस वर्षं ते मला पुरलं. लिहिता सगळ्यांना यायचं, पण भरतीपुरतं. घरचं लिहायचं म्हटलं की रोल कॉलनंतर निळी आंतरदेशीय घेऊन तिघं-चौघं माझ्या कॉटपाशी हजर. शिवाय घरी वाचणार कोण? बायकोला वाचता येत नाही, म्हणजे पोस्टमन किंवा शेजारचं शाळकरी पोरगं. त्यांच्या तोंडून काय काय जाऊ द्यायचं?

कोकणातला एक शिपाई होता. लिहायला बसलं की पाच-पाच मिनिटं गप्प. मग म्हणायचा, 'लिवा, गायला जपा. जड काय उचलू देव नको.' मी मुकाट लिहिलं. पुढच्या वेळी, 'गाय नीट खाते का?' तिसऱ्या पत्रात मला राहवलं नाही, म्हटलं, अरे गाईला जड उचलायला लावतोस का? तर तो लाजून हसला. घरी गाय नव्हतीच. त्याला उत्तर आलं, तेही मीच वाचून दाखवलं: गाय व्याली, दोघं सुखरूप. रात्री त्यानं आपली रम सगळ्यांना वाटली.

अशी शेकडो लिहिली. स्वतःचं लिहायची वेळ आली की हात त्याच वळणानं जायचा. पत्ता एकच, मार्फत ५६ ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं टपाल. मग तुम्ही पूंछला असा नाहीतर लेहला. ठिकाण लिहायचं नाही, उंची लिहायची नाही, शेजारचा कुठं गेला तेही नाही. एवढं वगळल्यावर 'सर्व क्षेम' सोडून उरतं काय? तुझ्या आईनं ती सगळी पत्रं ट्रंकेत ठेवली आहेत. परवा चाळली. जवळजवळ सगळी एकसारखी.

सेंटरला उस्ताद एका वेगळ्याच पत्राची गोष्ट सांगायचे. डिसेंबर १९७१, बांगलादेशच्या लढाईतलं जमालपूर. आपल्या जंगी पलटणीनं, म्हणजे पहिल्या मराठानं, वाट अडवलेली. ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली, आणि मजकूर असा की लेखणी ठेवा, स्टेनगन घेऊन या. ११ तारखेला जमालपूर पडलं. आम्हा रंगरुटांना पत्रापेक्षा ती गोळीच आवडायची. आता वाटतं, मनातलं सरळ लिहिलेलं ते एकच पत्र मी ऐकलं, आणि तेही शत्रूचं.

मागच्या महिन्यात अपशिंग्याला लग्नाला गेलो होतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली. गावाच्या नावामागं 'मिलिटरी' लागलं ते त्या हिशेबानं. त्या लढाईत फ्रान्समधून आपल्या शिपायांनी घरी धाडलेली पत्रं इंग्रज सेन्सॉर वाचायचा आणि उतारे काढून ठेवायचा. ते उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अजून आहेत. त्यातलीही कितीतरी दुसऱ्याच्या हातची, कारण सांगणाऱ्याला लिहिता येत नव्हतं. जेवणाच्या पंगतीत मी ह्या लिहिणाऱ्यांचाच विचार करत बसलो. त्यांनी आपल्या घरी काय कळवलं असेल? बहुतेक सर्व क्षेम.

तर आता माझं, कोरडंच लिहितो. मी मॉर्टर प्लाटूनला होतो हे तुला ठाऊक आहे. ८१ मिलीमीटरचा बॉम्ब सुटतो तेव्हा कानात कापसाचे बोळे, बस. डावा कान पलटणीत असतानाच गेला होता. मेडिकलला सांगितलं असतं तर लो कॅटेगरी, म्हणजे खालची वैद्यकीय श्रेणी, मिळून सुभेदारी अडली असती, म्हणून गप्प बसलो. मग गप्प बसायची सवय लागली. दोन वर्षांपासून उजवाही मंद झालाय. आईला गेल्या महिन्यात कळलं, कुकरच्या शिट्ट्यांवरून. चार झाल्या तरी मी शेजारी पेपर वाचतोय.

बुधवारी साताऱ्याला ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, दाखवायला जातोय. मशीन बसवायला सांगतील. बसवीन.

फोन आला की मी आईच्या हातात देतो, ते तुझ्याशी बोलायचं नसतं म्हणून नव्हे. तुझा आवाज बारीक, त्यात मागं पोरांचा दंगा. मला 'अण्णा' एवढंच स्वच्छ कळतं, पुढचं मी अंदाजानं हो, हो म्हणतो. दिवाळीच्या आधी तू बराच वेळ काहीतरी विचारत होतीस आणि मी हो म्हटलं होतं. ते काय होतं, जरा लिहून कळव.

तुझे,
अण्णा