असिंक लावलं म्हणजे फाईल लवकर लिहिली जाते, असं पोरांना कृपया सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या करिअरच्या पुरवणीत नोड जेएस (जावास्क्रिप्ट ही भाषा सर्व्हरवर चालवायचं साधन) आणि पायथन या भाषेवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला. मराठीत या विषयावर काहीतरी छापून येतंय याचा खरंच आनंद झाला, आमच्या भागातल्या पोरांना असं वाचायला कुठं मिळतं. पण त्यात एक मुद्दा होता की फाईल वाचायचं लिहायचं काम असिंक पद्धतीने केलं की प्रोग्रॅम कितीतरी पटीने फास्ट होतो, आणि तेवढ्यावरच विषय संपवला होता. हे बरोबर नाही. आणि नुसतं पुस्तकी दृष्टीने चूक आहे असं पण नाही, या समजुतीमुळे लोकांचं खरं नुकसान होतं, मी ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे त्याबद्दल समजून घ्या.

मी मिरज तालुक्यात राहतो, बारा वर्षं दूध संस्था आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअर लिहायचं काम करतो, त्यात नोड पण आहे आणि पायथन पण आहे.

आधी असिंक म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. आपण दळण घेऊन गिरणीत जातो. एक पद्धत म्हणजे डबा ठेवायचा आणि पीठ होईपर्यंत तिथंच बाकड्यावर बसून राहायचं. दुसरी म्हणजे डबा ठेवायचा, गिरणीवाल्याला सांगायचं, तोवर भाजी आणायची, रेशनच्या रांगेत उभं राहायचं, आणि येताना पीठ घेऊन यायचं. दुसऱ्या पद्धतीत आपला वेळ वाचला हे खरं, पण गिरणी काही जोरात फिरली नाही ना. पाच किलो दळायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. असिंक म्हणजे एवढंच, वाट बघताना हात रिकामे राहत नाहीत. आणि तुम्हाला दुसरं काही कामच नसेल, म्हणजे एक फाईल वाचायची, हिशोब करायचा आणि प्रोग्रॅम बंद, तर असिंकचा काडीचा उपयोग नाही, उलट साधा सरळ कोड तिथं लवकर संपतो आणि वाचायलाही सोपा पडतो.

मग हे आलं कशाला? तर डिस्क फार हळू असते. जुनी फिरती हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे मारते म्हणजे सेकंदाला 120, एक फेरा आठ मिलिसेकंदांच्या जरा वर, आपल्याला हवा तो तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा धरला तरी चार मिलिसेकंद गेले, आणि तेवढ्या वेळात आजचा प्रोसेसर कोटीभर ठोके मारून मोकळा होतो. सर्व्हरवर शंभर लोक रांगेत असताना एकाच्या फाईलसाठी सगळ्यांना ताटकळत ठेवणं चुकीचंच. रायन डाल यांनी 2009 मधे बर्लिनच्या जेएसकॉन्फ या जावास्क्रिप्टच्या संमेलनात स्वतः बनवलेलं नोड दाखवलं तेव्हा त्यांचा सगळा भर याच गोष्टीवर होता, की आपण इनपुट आउटपुट चुकीच्या पद्धतीने करत आलोय. जावास्क्रिप्टला मुळात एकच थ्रेड म्हणजे काम करणारा एकच धागा, आणि एकच इव्हेंट लूप म्हणजे आलेली कामं एकेक करून उचलणारं चक्र, थोडक्यात दुकानात एकच माणूस, तो थांबला की दुकान थांबलं. म्हणून नोडमधे फाईल वाचायचे रीडफाईल (असिंक) आणि रीडफाईलसिंक (सिंक, म्हणजे वाचून होईपर्यंत थांबून राहणारं) असे दोन प्रकार आहेत, आणि सर्व्हरच्या चालू रिक्वेस्टमधे सिंकवालं वापरलं तर तेवढा वेळ बाकीची सगळी गिऱ्हाईकं खोळंबतात. इथपर्यंत तुमच्या लेखकाचं बरोबर आहे.

पण पुढची गोष्ट कोणीच सांगत नाही. नेटवर्कवरचं काम आणि फाईलचं काम या दोन वेगळ्या जाती आहेत. लिनक्समधे नेटवर्कच्या हजारो कनेक्शनवर एकाच ठिकाणी बसून लक्ष ठेवायची सोय आहे, इपोल म्हणतात तिला, कुठं डेटा आला की ती सांगते. त्याच इपोलला डिस्कवरची साधी फाईल द्या, सरळ नकार मिळतो, परवानगी नाही असा एरर येतो. कारण युनिक्स पहिल्यापासून असं धरून चाललंय की फाईल ही कायम तयारच असते, डिस्क काय, आत्ता देईल. समोरचं कनेक्शन कदाचित कधीच उत्तर देणार नाही हे गृहीत धरलेलं आहे पण डिस्क उत्तर देणार नाही हे धरलेलंच नाही. त्यामुळे फाईलवर नॉनब्लॉकिंगचा, म्हणजे थांबू नको असं सांगणारा, फ्लॅग लावला तरी काही फरक पडत नाही, रीड म्हटलं की थ्रेड थांबतो तो थांबतोच.

मग नोड ते असिंक कसं करतं? तर मागच्या खोलीत माणसं बसवून. नोडच्या पोटात लिबयूव्ही नावाची लायब्ररी आहे, तिचा थ्रेड पूल म्हणजे थ्रेडची टोळी असते आणि त्यात डिफॉल्ट चार थ्रेड असतात. फक्त चार. तुम्ही असिंक रीड म्हणता तेव्हा त्या चारातला एकजण साधं जुनं थांबून राहणारं रीड करतो आणि झालं की दुकानातल्या त्या एकट्या माणसाला आवाज देतो. तुम्ही एकदम हजार फाईली मागितल्या तरी एका वेळी चारच वाचल्या जातात, बाकीच्या रांगेत. आणि हेच चारजण पासवर्डची हॅशिंग (तपासण्यासाठी पासवर्डचं सांकेतिक रूप बनवणं) करतात, झिप करतात, वेबसाईटच्या नावावरून पत्ता शोधायचं डीएनएसचं एक काम पण तेच करतात.

याचा मला बसलेला दणका सांगतो. एका संस्थेचा सर्व्हर रोज सकाळी सहाच्या सुमारास अडकायचा, लॉगिन होईना, पावती निघेना, आणि प्रोसेसर बघितला तर दोन टक्के. मेमरी मोकळी, नेट चालू. तीन दिवस मी नेटवाल्याला फोन करत होतो. शेवटी सापडलं की जुना बॅकअप ज्या डिस्कवर होता ती मरायला टेकली होती, तिच्यावरून एक फाईल वाचायला कितीतरी सेकंद लागत होते, आणि सकाळचा रिपोर्ट तिथल्याच जुन्या फाईली वाचायचा. चार रीड तिकडे अडकले की पूल संपला. मग पासवर्ड तपासायला माणूस नाही, दुसऱ्या चांगल्या डिस्कवरची फाईल वाचायला पण माणूस नाही. कोडमधे एक ओळ सिंक नव्हती बरं का, सगळं असिंक, सगळीकडे अवेट (म्हणजे हे काम संपल्यावरच पुढची ओळ चालव असं सांगणारा शब्द). पूलमधल्या थ्रेडचा आकडा एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करतानाच्या सेटिंगमधून, वाढवता येतो, तो मी वाढवला पण खरा इलाज डिस्क बदलणं आणि रिपोर्टचं काम वेगळ्या प्रोसेसमधे नेणं हा होता. हे चार थ्रेडचं मला आधी कोणी सांगितलं असतं तर त्या संस्थेचे तीन दिवस वाचले असते.

पायथनमधे तर गैरसमज अजून मोठा आहे. असिंकआयओ ही पायथनची असिंकसाठीची लायब्ररी 3.4 आवृत्तीत आली 2014 साली, असिंक आणि अवेट हे शब्द 3.5 मधे 2015 साली, पण त्यात फाईलसाठी असिंक असं काही नाहीच, नेटवर्कसाठी आहे. पोरं असिंक डेफ असं फंक्शन लिहितात आणि आत सरळ ओपन करून रीड करतात, आणि त्यांना वाटतं झालं असिंक. नाही झालं, तेवढा वेळ सगळा लूप बंद. 3.9 पासून टू थ्रेड नावाची सोय आहे, ते काम दुसऱ्या थ्रेडवर पाठवते, आणि एआयओफाईल्स म्हणून जी लायब्ररी सगळे वापरतात ती पण आतून थ्रेडच वापरते. शिकणाऱ्यांनी एकच करावं, रन करताना डीबग चालू करून बघावं, जे काम लूपला 100 मिलिसेकंदांपेक्षा जास्त अडवतं त्याची नोंद आपोआप लॉगमधे पडते. मी माझ्याकडे येणाऱ्या पोरांना पहिल्या आठवड्यात हेच करायला लावतो, आणि स्वतःच्या कोडमधली ती नोंद बघितली की त्यांना वेगळं काही समजावायला लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं ती सांगतो.

एका गावातल्या दूध संकलन केंद्रात, नाव सांगत नाही, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं. संध्याकाळचं दूध, दोनशेच्या आसपास सभासद, प्रत्येकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर, हे सगळं एका फाईलमधे साठवलं जायचं आणि प्रत्येक नोंदीला पूर्ण फाईल नव्याने लिहिली जायची. लिहिणाऱ्याने नोडचं फाईल लिहायचं राईटफाईल असिंक वापरलं, कारण फास्ट होतं असं कुठंतरी शिकला असणार, आणि त्याच्या पुढे अवेट लावलंच नाही. म्हणजे गिरणीत डबा ठेवला आणि पीठ झालं का न बघताच घरी सांगितलं की दळण झालं. स्क्रीनवर नोंद सेव्ह झाली असं हिरव्या अक्षरात यायचं पण ते लिहायला सांगितल्यावर यायचं, लिहून झाल्यावर नाही. रांग मोठी असली की पहिलं लिहिणं संपायच्या आत दुसरं सुरू व्हायचं, आणि एकाच फाईलवर आधीचं संपायची वाट न बघता पुन्हा राईटफाईल करू नका, ते सुरक्षित नाही, असं नोडच्या डॉक्युमेंटेशनमधे स्वच्छ लिहिलंय. त्यात राईटफाईल आधी जुनी फाईल रिकामी करतं आणि मग भरतं. त्या दिवशी पावणेआठला लाईट गेली, इन्व्हर्टर दुरुस्तीला गेलेला. सकाळी मशीन चालू केलं तर फाईल शून्य बाइटची.

मला बोलवलं तेव्हा हातात काहीच नव्हतं, फाईलमधे परत आणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी लोकांच्या घरी जाऊन छापील पावत्या गोळा केल्या, दोन पोरं दिवसभर बसून नोंदी करत होती. ज्यांनी पावती ठेवली होती त्यांचं निभावलं. एक आजी होत्या, त्यांची एकच म्हैस, पावती चुलीत गेलेली, त्यांनी सांगितलेला आकडा सचिवांनी धरला म्हणून बरं झालं. दहा दिवसांच्या बिलावर ज्यांचं घर चालतं त्यांच्या बाबतीत अवेट हा शब्द विसरणं ही छोटी गोष्ट नाही.

आणि अवेट लावलं असतं तरी पूर्ण वाचलो नसतो, हे पण लिहायला पाहिजे. राईट झालं असं लिनक्स सांगतं तेव्हा डेटा बऱ्याचदा डिस्कवर गेलेलाच नसतो, तो मेमरीतल्या पेज कॅश नावाच्या तात्पुरत्या जागेत असतो आणि डिफॉल्ट सेटिंगला साधारण अर्धा मिनिट तसाच पडून राहू शकतो. पेटीत टाकलेलं पत्र आणि पोचपावती आलेलं रजिस्टर यात जो फरक तोच इथं आहे. पोचपावती पाहिजे तर एफसिंक, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर पाठव अशी आज्ञा, करायला लागतं. पैशाची किंवा दुधाची नोंद असेल तर पद्धत अशी, की आधी शेजारी तात्पुरत्या नावाने नवी फाईल पूर्ण लिहायची, तिच्यावर एफसिंक करायचं, ते झालं की रिनेम करून जुन्याच्या जागी बसवायची, आणि या प्रत्येक पायरीला अवेट. मग लाईट कधीही जाऊ दे, एकतर जुनी पूर्ण फाईल मिळते नाहीतर नवी पूर्ण फाईल मिळते, अर्धवट मिळत नाही. मी त्या केंद्राला तेच करून दिलं, नंतर सगळं एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसवर नेलं कारण ही काळजी ते स्वतः घेतं.

एफसिंक पण डोळे झाकून वापरायची गोष्ट नाही. 2018 मधे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा फेल झालं आणि पुन्हा केलं तर दुसऱ्यांदा यशस्वी असं सांगू शकतं, आणि मधला डेटा मात्र गेलेला असतो. इतकी वर्षं जगभर चाललेला डेटाबेस, त्यांनी 2019 मधे बदल केला की एफसिंक फेल झालं तर आता पोस्टग्रेस मुद्दाम बंद पडतो आणि लॉगवरून, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या बदलांच्या नोंदीवरून, पुन्हा उभा राहतो. असल्या गोष्टी आपल्या पोरांना मराठीत कोणी सांगत नाही.

खरं असिंक फाईलचं काम लिनक्समधे आलंय हेही लिहितो म्हणजे पत्र एकांगी वाटायला नको. जेन्स ॲक्सबो यांचं आयओ यूरिंग 2019 मधे लिनक्सच्या 5.1 कर्नलमधे (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आलं, त्यात प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यामधे दोन गोल रांगा असतात, एकीत मागण्या टाकायच्या, दुसरीतून झालेली कामं उचलायची, आणि त्यात फाईली पण चालतात. नोडने ते वापरून बघितलं पण सिक्युरिटीच्या कारणाने पुन्हा डिफॉल्ट बंद ठेवलं. म्हणजे आज तुमचा वाचक नोड टाकून फाईल वाचेल तर मागच्या खोलीतले ते चारजणच वाचणार आहेत.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. एक, पुढच्या अंकात त्या लेखाखाली एवढी दुरुस्ती छापा की असिंकने वाट बघण्याचा वेळ कामी लागतो, डिस्क फास्ट होत नाही, आणि अवेट व एफसिंकशिवाय सेव्ह झालं असं स्क्रीनवर दाखवू नये. दोन, याच विषयावर चार भाग लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको, उदाहरणं सगळी चालवून बघितलेली देईन, फक्त जागा द्या. पहिला भाग तयार आहे, त्या संध्याकाळच्या दुधाच्या फाईलपासूनच सुरू केलाय.

आपला नियमित वाचक,
मिरज तालुका, जि. सांगली