दादा, दोरी आईंच्या हातात दिलीत त्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही घातलेलं कुंपण उभं राहिलं, फाटक लागलं, तुम्ही उभ्या उभ्या चहा घेऊन निघूनही गेलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. फोनवर बोलायला जावं तर माझा गळा दाटतो आणि तुम्ही "असू दे की वहिनी" म्हणून विषय संपवता. म्हणून लिहितेय. आणि चारचौघांत लिहितेय, कारण शिकागोच्या या उपनगरांतल्या आणखी कितीतरी मराठी घरांत आमच्या आईंसारखं माणूस असणार.

सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. माहेर-सासर दोन्ही तासगावकडचं, सगळा जन्म द्राक्षबागेत गेला. ऊन कललं की "बागेत जाऊन येते" म्हणून त्या चालायला लागतात. अल्झायमर्स असोसिएशन सांगते की हा आजार असलेल्या दहांपैकी सहा जण कधी ना कधी असे निघून जातात. वाचताना तो आकडा लोकांचा वाटतो. भर जानेवारीत सासू नुसत्या सपातांवर कोपऱ्यावरच्या स्टॉपच्या पाटीखाली सापडली की तो आपला होतो.

आणि तेव्हा आमच्या घराला कुंपण होतं हो! तुम्ही येण्याआधी दुसऱ्याच एका कंपनीने घातलेलं. व्हायनिलचं, म्हणजे प्लॅस्टिकचंच हवं हा आग्रह आमचाच होता. रंगवायला नको, कुजत नाही, सहा फुटी सपाट फळ्यांमुळे पलीकडचा रस्ता दिसत नाही, आणि रस्ता दिसला नाही की आईंचे पाय तिकडे ओढ घेत नाहीत. त्यांचा सेल्समन इस्त्रीच्या शर्टात आला, टॅबलेटवर आमचंच अंगण आम्हाला फिरवून दाखवलं, "लाइफटाइम वॉरंटी" हे शब्द जपमाळ ओढावी तसे म्हणाला आणि निम्मे पैसे घेऊन गेला. वॉरंटी फळ्यांची असते, खड्ड्यांची नसते, हे आम्हाला पहिल्या थंडीत कळलं. खांब वर उचलले, फाटकाची कडी खाचेत बसेना, आणि त्याच फाटकातून आई बाहेर पडल्या. फोन केला की दर वेळी नवीन मुलगी नवीन तिकीट नंबर द्यायची. वसंतात बघू म्हणाले. वसंतही आला, ते आले नाहीत.

तुम्ही आलात आणि कुणाला नावं न ठेवता जुना खांब काँक्रीटसकट उपसून आडवा टाकलात. "हे बघा वहिनी, गाजर निघालंय." खरंच गाजर! वर रुंद, खाली निमुळतं, आणि लांबी जेमतेम दोन फूट. आपल्याकडे जमीन साडेतीन फुटांपर्यंत गोठते, ही चिकणमाती पाणी धरून बसते, पाणी गोठून फुगलं की असल्या गाजराला वर रेटतं, एवढं तुम्ही बुटाच्या टोकाने दाखवून दोन मिनिटांत सांगितलंत. तेवढं सांगायला त्या टॅबलेटवाल्याला कुणी अडवलं होतं, कोण जाणे. बाकी तुम्ही फाटकाच्या पोकळ खांबात ॲल्युमिनियम घातलंत, उन्हाळ्यात फळ्या वाढतात म्हणून जोडात जागा सोडलीत, ते सगळं ह्यांना जास्त समजतं. मी त्यात पडत नाही.

माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ती दोरी.

खणण्याआधी ८११ या नंबरला कळवल्यावर जमिनीखालच्या लाईनी दाखवायला गॅसवाल्यांनी पिवळे आणि वीजवाल्यांनी लाल झेंडे रोवले, तेव्हापासूनच आईंना घरात काहीतरी कार्य आहे असं वाटत होतं. त्या दिवशी माझा डोळा चुकवून त्या मागच्या चिखलात आल्या. तुम्ही खुंट्या ठोकून दोरी ताणलेली. आई बघत राहिल्या आणि द्राक्षांचा मांडव समजून म्हणाल्या, "मांडवाची लाईन वाकडी जातीया. मालक कुठंय?" मी धावतच आले, माफी मागायला तोंडही उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. खुंटीची दोरी सोडलीत आणि त्यांच्या हातात दिलीत. "मालकीण तुम्हीच की मावशी. धरा बरं जरा, तुमच्या हाताला कळंल."

आईंनी पदर खोचला, दोरीचा दोन बोटांना वेढा घेतला, एक डोळा मिटला. पलीकडच्या टोकाला तुम्ही चिखलात गुडघे टेकून बसलात. तुमची दोन्ही पोरं फावडी टेकून उभी, कुणी हसलं नाही. "आत घे. अजून. बास." तुम्ही खुंटी बोटभर आत घेतलीत. मग "छाटणी झाली का रं?" असा प्रश्न आला, त्यावर तुम्ही "झाली की, एप्रिलचीच. काडी झकास तयार हुतीया," असं अगदी मिरजेकडच्या हेलात सांगितलंत. लाईन खरंच वाकडी होती की तुम्ही मान राखलात, ते मला सांगू नका.

दादा, आईंशी आता कुणी बोलत नाही. त्यांच्याबद्दल बोलतात. त्या समोर उभ्या असताना डॉक्टर मला विचारतात, "झोप लागते का त्यांना?" मंडळाच्या गणपतीत मैत्रिणी विचारतात, "ओळखतात का गं अजून?" माणसं वाईट नाहीत, मीही घाईत तेच करते. पण कुठल्या शाळेत शिकवतात हो तुमच्यासारखं? चिखलात, काँक्रीट वाळत असताना, तासावर पैसे घेणारी माणसं मागे उभी असताना एका म्हाताऱ्या बाईचं म्हणणं ऐकून घ्यायचं? भल्या माणसांना बहुतेक ते कुणी शिकवावं लागत नाही. बाकीच्यांना शिकवून येत नाही.

आता कामाचं. तुम्ही पाठवलेल्या बिलात जुने खांब उपसल्याचे पैसे धरलेलेच नाहीत. ह्यांनी विचारलं तर म्हणे, "ते राहू दे." ते राहू द्यायचं नाही. आकडा कळवा, हे चेक लिहायला बसलेत. आणि फाटकाचं तेलपाणी बघायला याल तेव्हा जेवायलाच या, पोरांनाही आणा. आईंना सांगून ठेवलंय की बागेवरची माणसं येणार आहेत. भाकरी कोण थापणार, असं त्या सारखं विचारतायत.

तुमची,
वहिनी