ट्रंक नंतर, आधी पोराचे पाय बघ

नाशिकरोड
८ जुलै

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

ओंकारला सैनिकी शाळेत घालायचं चाललंय हे कळलं. क्लास कुठला लावू असं विचारलंस. क्लासचं पुढे बघू. आधी एक कर, त्याला आंघोळ झाली की ओल्या पायांनीच कोरड्या शहाबादी फरशीवर उभा कर आणि उठलेला ठसा बघ. टाच आणि चवडा यांच्यामध्ये आतल्या बाजूला कोरडी खाच दिसली तर ठीक. अख्खा तळवा सपाट उमटला तर त्याला चवड्यांवर उभं राहायला सांग. तेव्हा कमान दिसली तर फार घाबरायचं नाही, नाही दिसली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव. मग गुडघे जोडून ताठ उभा कर. गुडघे टेकलेत आणि घोट्यांमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट राहतेय, तर तेही दाखवायचं.

हे आधी सांगतोय कारण घरोघरी उलटं होतं. वर्षभर क्लास, हजारो रुपये, पोरगं यादीत येतं आणि मग प्रवेशाच्या मेडिकल तपासणीत अडकतं. तोवर त्याला घरादाराने कर्नल करून टाकलेलं असतं. त्यापेक्षा ह्याच महिन्यात डोळे, कान-नाक-घसा, दात आणि एक जनरल तपासणी उरकून घे. डोळ्यांच्या डॉक्टरांना रंगांची चाचणी मुद्दाम करायला सांग, ठिपक्यांतले आकडे ओळखायचं ते पुस्तक असतं. मोबाइलच्या पडद्यावरची चाचणी धरू नकोस, रंग बदलतात. रंगांधळेपणाला औषध नाही आणि तो बहुतेक वेळा आईकडून येतो, आईला स्वतःला त्रास नसला तरी. म्हणून वहिनींना विचार, त्यांच्या वडिलांना किंवा भावांना हिरव्या-लाल रंगात घोटाळा होतो का? नाकाचं हाड, टॉन्सिल, किडलेली दाढ, कानातला मळ हे बरं होणारं आहे, पण वेळ लागतो. मळ घरी पिनेने काढायचा नाही. अंडकोष दोन्ही खाली उतरलेत का, हर्निया आहे का, हे दहा वर्षांच्या पोराचं घरात कुणी बघत नाही. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगून बघायला लाव.

रात्री अंथरूण ओलं होत असेल, दमा असेल, लहानपणी फिट आली असेल, तर शाळेपासून लपवू नका. पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं, आणि तेही तीस-चाळीस पोरांसमोर.

आता शाळा. ‘सैनिक’ नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्यात गल्लत होते. पहिली, संरक्षण मंत्रालयाखालच्या सैनिक स्कूल्स सोसायटीची शाळा. आपल्याकडे सातारा, १९६१ सालची, देशातली पहिली, आणि अलीकडे २०१९ पासून चंद्रपूर. दुसरी, राष्ट्रीय मिलिटरी स्कूल. त्या देशात पाचच, आपल्याला जवळची बेळगावची. तिसरी, डेहराडूनचं आरआयएमसी, म्हणजे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. तिथे प्रवेश आठवीला, वय साडेअकरा ते तेरा, वर्षातून दोनदा परीक्षा. ओंकारचं आत्ता हुकलं तर सातवीत हा दरवाजा उघडा राहतो, हे ध्यानात ठेव. चौथ्या म्हणजे खाजगी संस्थांच्या सैनिकी शाळा. आपल्या गावात भोसला आहे, डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये काढलेली, तिची प्रवेशाची पद्धत वेगळी, ती तिथे जाऊन विचार. बाकी हायवेवर ‘डिफेन्स’, ‘सैनिक’, ‘अकॅडमी’ असे जे फलक दिसतात त्यांत काही चांगले आहेत, काहींत नुसता गणवेश हिरवा आहे. फी भरण्याआधी एवढंच विचार, दहावीचा दाखला कुठल्या मंडळाचा मिळतो आणि शाळेला मान्यता कुणाची? उत्तर द्यायला कुणी आढेवेढे घेतले की चहा पिऊन निघायचं.

जवळची बरी की लांबची, हा काकूंचा प्रश्न. जवळच्या शाळेचा तोटा एकच, घरच्यांना राहवत नाही. तुमच्या मखमलाबादहून अर्ध्या तासात पोचता येतं म्हटल्यावर दर रविवारी फाटकाशी डबा घेऊन कोणीतरी उभं. पोराचा जीव ना तिथे रमतो ना घरी. साताऱ्याला जायचं तर सिन्नर, संगमनेर, पुणे करत सव्वातीनशे किलोमीटर होतात, त्यामुळे आपसूक शिस्त राहते.

सैनिक स्कूलच्या सहावीसाठी वय प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ मार्चला दहा ते बारा लागतं. ओंकार ऑगस्टचा, येत्या मार्चला साडेदहाचा होईल. म्हणजे यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल, एक वर्ष मागे पडेल इतकंच. जागांपैकी ६७ टक्के शाळेच्या राज्यातल्या मुलांना, म्हणून अधिवासाचा दाखला हवाच. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात, म्हणजे नेमकी तुझ्या द्राक्षबागेची गोडी छाटणी. मजूर, काड्यांना पेस्ट, घडांचं डिपिंग यांच्या धांदलीत सेतूत रांग लावायला तू जाणार नाहीस, मला माहीत आहे. ऑगस्टमध्येच दाखल्यांना हात घाल. आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळव. एकावर ‘ओंकार’ एन घालून आणि दुसऱ्यावर ‘ओमकार’ एम घालून, हा घोळ फार कॉमन आहे आणि दुरुस्तीला आठवडे खातो. कोणी ओबीसीतून भरणार असेल तर केंद्राच्या यादीत जात आहे का ते बघायचं आणि नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात काढायचं. आपण कॉलेजसाठी काढतो तो राज्याचा कागद तिथे चालत नाही.

सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेची तारीखही गृहीत धरू नकोस. २०२४ ला २८ जानेवारीला झाली, २०२५ ला ५ एप्रिलला गेली. पेपर ३०० गुणांचा, १२५ प्रश्न, अडीच तास. गणिताचे ५० प्रश्न तीन-तीन गुणांचे, म्हणजे दीडशे गुण एकट्या गणिताला. बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांचे २५-२५ प्रश्न, दोन-दोन गुणांचे. प्रत्येक विषयात २५ टक्के आणि एकूण ४० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ही अट नाही. पण ४० टक्के म्हणजे नुसता उंबरठा, निवड गुणवत्ता यादीतून होते. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा उत्तरपत्रिकेवरचा एकही गोल रिकामा सोडायचा नाही. पोरं इथे काय करतात सांगतो. एक प्रश्न येत नाही म्हणून सोडतात, पण उत्तरपत्रिकेवर ती ओळ सोडत नाहीत, आणि तिथून पुढचे सगळे गोल एक-एक घर वर सरकतात. घरी सराव करताना उत्तरं वहीत लिहून घेऊ नकोस. गोलांच्या पत्रिकेच्या झेरॉक्स काढ, बॉलपेन दे, घड्याळ लाव आणि दर दहा प्रश्नांनी प्रश्नक्रमांक ताडून बघायची सवय लाव. गणिताला ७५ ते ८० मिनिटं राखून ठेवायची.

अभ्यासाचं म्हणशील तर शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी नीट झाली की गणित आणि बुद्धिमत्तेचा बराच भाग होऊन जातो. लसावि-मसावि, अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी, वेग, कोन, क्षेत्रफळ. म्हणून महागडा निवासी क्लास मला पटत नाही. पोरगं आधीच बोर्डिंगला जाणार, वर त्याआधीचं घरातलं शेवटचं वर्षही का काढून घ्यायचं?

सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, आणि खरी मेख इथेच आहे. पेपर मराठीत, पण शाळा इंग्रजीत. ज्याला लसावि झोपेत काढता येतो त्याला फळ्यावर ‘एलसीएम’ दिसलं की वाटतं, हे आपल्याला शिकवलंच नाही. पहिल्या चाचणीत गुण कोसळतात ते यामुळे, डोकं कमी पडल्यामुळे नाही. दोन रकान्यांची वही कर. अंश न्यूमरेटर, छेद डिनॉमिनेटर, परिमिती पेरिमीटर, काटकोन राइट अँगल, बाष्पीभवन इव्हॅपोरेशन. रोज पाच शब्द, दिवाळीनंतर सुरू केलं तरी जूनपर्यंत पुरेसे होतात.

आता हातांची तयारी. हिची परीक्षा नसते, म्हणून कोणी करून घेत नाही. डाव्या हाताने उजव्या हाताची नखं कापणं, एका बादलीत आंघोळ, स्वतःचे मोजे-चड्डी धुणं आणि पिळणं, चादर गादीखाली ताणून खोचणं, मच्छरदाणी बांधणं, ताटातली दुधी-गवार निमूट संपवणं. पहाटे साडेपाचला उठून मैदानावर यायचं असतं, तेव्हा नाडी कोणी बांधून देत नाही. पोहणं येत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर उन्हाळ्यात घाल. आणि रोज एक-दीड किलोमीटर धावू दे, सुरुवातीला वेग बघू नकोस, न थांबता धावला की झालं.

बूट घेताना आपली सवय आड येते, वाढत्या अंगाचे घ्यायची. मोठ्या बुटात टाच वरखाली सरकते आणि परेडच्या दुसऱ्या दिवशी टाचेवर फोड. मग आठवडाभर ‘सिक रिपोर्ट’, म्हणजे आजाऱ्यांच्या यादीत, आणि पोराची पहिली ओळख ‘लंगडा’ म्हणून. संध्याकाळी घ्यायला जा, पाय दिवसभरात थोडे सुजलेले असतात. शाळेचे मोजे घालूनच माप बघ, पुढे अर्ध्या अंगठ्याएवढी जागा ठेव. देवळाली कॅम्पातल्या दुकानदारांना परेडचे बूट कळतात, तिथे बघ, फक्त आधी शाळेची यादी हातात येऊ दे. घेतले की तीन आठवडे रोज अर्धा तास घरात घालू दे.

पॉलिश त्याच्याच हातून. आधी कोरड्या ब्रशने धूळ, शिवणीतलीसुद्धा. मग जुन्या बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून पॉलिशचा पातळ हात. पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचं, मग ब्रश. टोकाला चमक हवी तर कापसाला पाण्याचा एक थेंब आणि नखावर मावेल एवढं पॉलिश, लहान-लहान गोल फिरवत. पोरं थापून लावतात, मग पाऊल दुमडतं तिथे त्याचे पापुद्रे निघतात. ओल्या बुटाला पॉलिश नाही, आणि ओला बूट उन्हात किंवा गॅसजवळ तर नाहीच. कातडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचा.

ट्रंकेचं माप खाटेखालच्या उंचीवरून घ्यायचं, ते शाळेला विचार. पत्रा जाड बघ, कोयंडा हलत नाही ना बघ. झाकणावर आणि पुढच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि रोल नंबर. कुलपाच्या दोन किल्ल्या, एक हाउसमास्तरांकडे, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या शिक्षकांकडे. पोरगं पहिल्या पंधरवड्यात किल्ली हरवतंच.

कपड्यांवरचं मार्किंग वहिनींनी नव्हे, ओंकारने करायचं, म्हणजे कुठे केलंय ते त्याला आठवेल. बनियन मानेशी आतून, पँट कमरेच्या पट्टीत, चादर एकाच कोपऱ्यात, मोजा वरच्या कडेला, आणि जोडीतला प्रत्येक मोजा वेगळा. साधं पेन चार धुण्यांत जातं. कपड्यांचा मार्कर वापरून वर इस्त्री फिरवा, नाहीतर काळ्या दोऱ्याने नंबर शिवा. धोब्याकडून साठ पांढऱ्या बनियनी एकाच गाठोड्यात येतात, तिथे नाव नसलेली बनियन म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. चिवडा-लाडू किती चालतो ते नियम बघून द्या. चोरून दिलेला डबा मुंग्यांना आधी सापडतो, मग सीनियर्सना. रोख पैसे गादीखाली नकोत, शाळेकडे खात्यात भरा.

फोनचा वार शाळा ठरवते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडका फोन येणार. तेव्हा ‘आठवण येते का रे?’ असं विचारलं की संपलं. बारीक विचारा, शेजारच्या खाटेवर कोण, नाश्त्याला काय होतं, मोजे सगळे आहेत का. ‘नाही आवडलं तर महिन्याने आणतो’ हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही, काकूंनीसुद्धा. पोरगं मग तीस दिवस मोजत बसतं. दिवाळीच्या सुटीनंतरचं परत जाणं पहिल्या जाण्यापेक्षा जड जातं, आता काय वाट्याला येणार ते त्याला ठाऊक असतं. त्या दिवशी निघायची वेळ लांबवत बसू नका.

पण सगळंच ‘रुळेल हळूहळू’ म्हणून सोडायचं नाही. वजन घटत चाललंय, जखमेचं कारण धड सांगत नाही, बोलका पोरगा फोनवर एकदम हो-नाहीवर आला, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर सीनियर्सचा त्रास असू शकतो. फोनवर मागे पोरं उभी असतात, त्याला बोलता येत नाही. जाण्याआधी एक शब्द ठरवून ठेवा, समजा ‘आजीच्या गुडघ्याचं कसंय?’ हे त्याने विचारलं की तू दुसऱ्या दिवशी हाउसमास्तरांसमोर. आणि तिथे उत्तर मिळालं नाही तर प्राचार्यांसमोर, लेखी.

एनडीएचं, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, आत्ताच डोक्यात घेऊ नकोस. बारावीत यूपीएससीची लेखी, मग एसएसबी म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखती, मग पुन्हा मेडिकल, आणि सैनिक स्कूलचं पोरगं आहे म्हणून कुठल्याच टप्प्यावर सूट नाही. खडकवासल्याला पोचला नाही तर वाया गेला, असं त्याच्यासमोर पाहुण्यांनाही बोलू देऊ नकोस.

फरशीवरच्या ठशाचा फोटो काढून पाठव, दोन्ही पायांचा. आणि वहिनींच्या भावांचं रंगांचं विचारून रविवारपर्यंत कळव, मग डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊ.

काकूंना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
सुधीर