आई, खाणार काय ते सांगते

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने तीनदा एकच विचारलं, "पण इतके दिवस खाणार काय?" लाटांचं नाही, वादळाचं नाही. म्हणून हे पत्र बाजारहाटाचंच.

आम्ही कॅनरी बेटांवर, लास पाल्मासच्या बंदरात आहोत. इथून शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमधलं सेंट लुशिया बेट गाठायचंय, साधारण २७०० सागरी मैल, म्हणजे आपले पाच हजार किलोमीटर. आम्ही चौघं. वारा बरा लागला तर तीन आठवडे, पण कप्तानबाई म्हणतात सामान तीस दिवसांचं भरा. नोव्हेंबर सरताना तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम संपतो, ईशान्येचे व्यापारी वारे धरतात, त्यामुळे सगळ्या बोटींची खरेदी एकाच वेळी चाललीय. धक्क्यावर नाशिकचं दिवाळीतलं रविवार कारंजं झालंय.

भाजी माझ्याकडे आहे. बाबा, एक कबुली द्यायचीय. जिब्राल्टरहून येताना मी शीतगृहातले गारेगार कांदे घेतले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कप्प्यात कोंबले. चौथ्या दिवशी वास सुटला, पाचव्या दिवशी पिशवीतून पाणी. निफाडच्या कांदेवाल्याची मुलगी! कोणी चकार शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

या वेळी वेगेताच्या जुन्या बाजारात गेले. एकेक कांदा उचलायचा, मान दाबायची, ओली लागली की परत ठेवायचा. भाजीवालीने आधी डोळे वटारले. मग स्वतःच आतून एक गोणी ओढून आणली. मान सुकलेली, पत्ती कोरडी, हात घातला की खळखळणारी. दहा किलो घेतले. आता छताखाली जाळीच्या झोळीत टांगलेत, चहूबाजूंनी वारा. आपली कांदाचाळच, फक्त डुलणारी. बटाटे पंधरा किलो, पण पार दुसऱ्या टोकाला अंधारात, कांद्याच्या शेजाराने कोंब फुटायला नकोत. कोबीचे सहा गड्डे आहेत. ते कापायचे नाहीत, वरून पान पान सोलत जायचं.

अंडी १२०, न धुतलेली आणि फ्रिज न पाहिलेली. काल संध्याकाळी मांडीवर ट्रे घेऊन एकेका अंड्याला व्हॅसलीन चोळत बसले होते. कवचाची छिद्रं बुजली की अंडं जास्त टिकतं. दर दोन दिवसांनी ट्रे उलटा करायचा. आई, तू म्हणाली असतीस, बाळंतिणीच्या घरची मालिशवाली शोभतेस.

पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीवर चढत नाही, त्यात झुरळांची अंडी येतात. सगळं धक्क्यावरच सोडायचं, फळं धुऊन पुसून आत न्यायची. केळ्यांचा अख्खा घड नको म्हणून मी भांडले. एकदम पिकतो आणि शेजारच्या फळांनाही पिकवतो. हरले. घड मागच्या बाजूला लटकतोय, दहाव्या दिवशी चौघांना तिन्ही त्रिकाळ केळी.

आणि आई, इथे सातूचं पीठ मिळतं! नाव गोफिओ. भाजलेल्या मक्याचं किंवा गव्हाचं, बेटावरचे लोक पिढ्यान् पिढ्या खातात. दुधात साखर घालून कालवलं आणि पहिल्या घासाला आपल्या स्वयंपाकघरात पोचले. चार किलो घेतलंय. रात्री पाळीवर असताना शेगडी पेटवायला नको. तू दिलेलं मेतकूट मात्र मी कुणाला दाखवलेलं नाही.

पाणी टाकीत ४०० लिटर, शिवाय पाच-पाच लिटरचे वीस कॅन. प्यायला आणि रांधायला माणशी दिवसाला तीन लिटर, भांडी समुद्राच्या पाण्याने. आंघोळीचं विचारू नकोस. १४९२ साली कोलंबसही शेजारच्या ला गोमेरा बेटावर पाणी भरून ६ सप्टेंबरला निघाला आणि जमिनीला लागला १२ ऑक्टोबरला. आमच्याकडे निदान पत्ता आहे.

बोटीची जागा दादाच्या फोनवर ठिपक्यासारखी दिसेल. ठिपका एखादा दिवस हलला नाही तर यंत्र बंद पडलं असं समजा आणि दादाला रात्री उठवू नका.

बाबा, चाळीतला उन्हाळ कांदा अजून ठेवलाय का? भाव चढेल म्हणून थांबू नका, एव्हाना कोंब आले असतील. आठ दिवसांत काढून टाका. तिकडे पोचले की पहिला फोन त्याचाच करणार आहे.

तुमची,
छकुली